केसाएवढी चीर

जिनिव्हा, ९ जानेवारी १९५७

प्रिय ताई,

नववर्षाचं कार्ड पाठवायचं राहून गेलं, तेव्हा आधी कान पकडते. इथे सगळं घर सासऱ्यांच्या आजारपणात बुडालंय. डॉक्टर म्हणतात, वसंत बघितला तरी पुष्कळ.

आणि त्यात माझ्या हातून एक भयंकर गोष्ट झाली. त्यांचं एक खिशातलं घड्याळ आहे, पणजोबांपासून चालत आलेलं. ते मी पुसायला घेतलं आणि ते फरशीवर पडलं. यंत्र वाचलं, डबी वाचली, पण मिन्याच्या तबकडीचा चुरा झाला. एद्गार दोन दिवस जेवला नाही. म्हातारबुवा रोज घड्याळ मागतात आणि आम्ही सांगतो, दुरुस्तीला दिलंय.

ताई, तशीच तबकडी तू करून देशील? जिनिव्हात करणारे आहेत, पण ते नव्या झुळझुळीत तबकड्या करतात. तुझ्या स्वयंपाकघरातल्या भट्टीतून येतो तसा दुधाळ पांढरा रंग त्यांना येत नाही. एकच अट आहे आणि ती सांगायला मला लाज वाटते. जुन्या तबकडीला सातापासून मधल्या भोकापर्यंत केसाएवढी चीर होती. सासऱ्यांना आता फारसं दिसत नाही म्हण, पण त्या चिरेवर नख फिरवल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. तेव्हा ती चीरसुद्धा हवी.

नाही म्हणू नकोस गं.

तुझी,
नोएमी


ला कोंबेत, १७ जानेवारी

नोएमी,

तुझ्या हातून पडलं यात नवल ते काय? आईची सूपाची वाडगी, बाबांचं भिंग, पास्टरबाईंचा चष्मा, सगळं तुझ्याच हातून पडलेलं. मी तर म्हणते, एद्गारशी लग्न झालं ते त्याने घट्ट धरलं म्हणून, नाहीतर तोही पडला असता.

इथे बर्फ खिडकीच्या वर गेलंय. अल्सिद रोज सकाळी फावड्याने माझं दार मोकळं करतो आणि मोबदल्यात कॉफी पिऊन जातो. गावचा प्रमुख झाला तरी चीज वळायचा वास काही त्याच्या अंगावरून गेला नाही.

आता तुझ्या कामाचं. तबकडी करीन. चीर मात्र मला सांगू नकोस. चीर गेलेली तबकडी बाबा उंबऱ्यावर ठेवून हातोडीने फोडायचे आणि त्या दिवशी कुणाशी बोलायचे नाहीत, विसरलीस? चाळीस वर्षं मी चिरेच्या भीतीने श्वास रोखून भट्टीचं दार उघडतेय, आणि तू मला ती मुद्दाम पाडायला सांगतेस?

हे लिहून पत्र बाजूला ठेवलं होतं. आज पुन्हा घेतलं. तुझं लग्न आठवलं. तुझ्या जिनिव्हाच्या पाहुण्यांत मी भिंतीला टेकून उभी होते, अंगावर आईचा उसवून शिवलेला झगा. माझ्याशी कुणी नाचायला आलं नाही. एकटे तुझे सासरे आले आणि म्हणाले, बाई, माझे गुडघे दुखतात, तुम्ही सांभाळून घ्या. त्या माणसाला झोप लागत नसेल तर पाडीन चीर.

तुकडे पाठव.

तुझी ताई,
झेली


जिनिव्हा, २५ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचून रडले. तुकडे कापसात गुंडाळून पाठवलेत. मधला एक मोठा तुकडा सापडत नाही, बहुतेक केरात गेला. पण आकड्यांवरून तुला कळेलच.

आणखी एक. मागच्या बाजूला तू तुझी खूण म्हणून देवदाराची काडी काढतेस ना, ती या वेळी काढू नकोस. सासरे स्वतः घड्याळजी होते, उघडून बघायची त्यांना सवय. नवं चिन्ह हाताला लागलं की त्यांना कळेल. एद्गारनेच आठवण केली. तोही फार हळवा झालाय.

नोएमी


ला कोंबेत, ३ मार्च

नोएमी,

या पत्रासोबत डबी येतेय. आत लोकर आहे, लोकरीत तबकडी आहे. उघडताना खाली बसून उघड, आणि टेबलावर, मांडीवर नको.

सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून सांगते, इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. बाबांच्या कपाटात जुन्या मिन्याचा एक खडा उरला होता, मुठीएवढा. तो मी स्वतःसाठी ठेवला होता, कशासाठी ते देव जाणे. तोच फोडला. खलात घोटला आणि पाणी आरशासारखं नितळ होईपर्यंत धुतला. पहिल्या तबकडीला टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका आला, ती उंबऱ्यावर गेली. दुसरीचा पांढरा रंग मला पसंत पडेना. तिसरी भट्टीतून काढली आणि मी चक्क खुर्चीत बसले. पहाटेच्या धारेच्या दुधाला असतो तसा रंग.

आकडे लवंगेच्या तेलात काळा मीना कालवून काढले. जुन्या माणसाचा हात उजवा होता. माझा डावा. पाचाचा शेपटा ओढताना डावखुऱ्याचा कुंचला उलट्या बाजूला जाड होतो, हे बाबा आपल्या दोघींना भिंगाखाली दाखवायचे आणि मग तू मला चिडवायचीस, तसं. खूप जपून काढलं, तरी एका-दोन ठिकाणी माझा हात डोकावलाय. म्हातारबुवांना भिंग देऊ नकोस म्हणजे झालं.

मागे काडी काढली नाही. मागची बाजू कोरी बघून मला कसंसंच झालं, नाव न ठेवता मूल धाडून दिल्यासारखं.

चीर शेवटी पाडली. गार तबकडी दोन अंगठ्यांत धरून सातापाशी हळूच दाब दिला. बारीकसा आवाज झाला. मग त्या चिरेत चिकोरीची कॉफी चोळली, म्हणजे ती जुनी दिसते. हे सगळं करून मी बाहेर जाऊन गाईंपाशी उभी राहिले. रडले नाही असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांचे गुडघे मी सांभाळले होते म्हणावं.

तुझी ताई


जिनिव्हा, १४ मार्च

प्रिय ताई,

काल घड्याळ त्यांच्या हातात दिलं. आम्ही दोघं पलंगापाशी उभे होतो. त्यांनी झाकण उघडलं, अंगठ्याचं नख काचेच्या कडेने फिरवलं, मग काच उघडून चिरेवर. मग म्हणाले, "आलं माझं परत." आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एद्गार तोंड फिरवून खिडकीशी गेला. मी तुझा निरोप सांगितला, गुडघ्यांचा. ताई, ते हसले. त्या आजारपणात हसले. म्हणाले, तिला सांग, त्या दिवसानंतर मी कुणाशी नाचलो नाही.

तू त्यांना काय दिलंस ते तुला कळणार नाही.

तुझी,
नोएमी


जिनिव्हा, २८ एप्रिल

ताई,

सासरे मंगळवारी गेले. घड्याळ त्यांच्या मुठीत होतं. एद्गारने ते तसंच त्यांच्यासोबत पुरलं. मुठीतून सोडवायला कुणाचं मन झालं नाही.

नोएमी


ला कोंबेत, ५ मे

माझे बाई,

पत्र वाचलं आणि चर्चमध्ये जाऊन बसून आले. खरं सांगू? माझं सगळ्यात चांगलं काम मातीत गेलं याचं मला मुळीच दुःख नाही. त्याला त्याची जागा मिळाली. कुणाच्या कपाटात मिरवण्यापेक्षा ते बरं.

एद्गारला माझ्या वतीने जवळ घे. मी त्याला आजवर उगाच तुसडा समजत होते.

ताई


ला कोंबेत, १२ ऑक्टोबर

नोएमी,

तू पत्र लिहीत नाहीस, पण तुझ्या नवऱ्याने आमच्या गावाला वेड लावलंय!

त्याने अल्सिदला लिहिलं ते तुला ठाऊक असणारच. जोनास पेर्नूचं घड्याळ मिळालंय! आपला जोनास, ज्याने या खोऱ्यात मिन्याची पहिली तबकडी भाजली, ज्याच्या शिष्यांचे शिष्य बाबा. गावाला आग लागली तेव्हा त्याचं सगळं जळालं, त्याच्या हातची एक तबकडी उरली नाही, हे ऐकत आपण मोठ्या झालो. आणि आता एद्गार लिहितो, त्याच्या जुन्या घड्याळांच्या दुकानात एका घरातून असं घड्याळ आलंय, डबीच्या आत जोनासचं नाव कोरलेलं. परदेशी गिऱ्हाईक मागे लागलंय, पण त्याला वाटतं ते गावाकडेच यावं.

सगळं गाव कामाला लागलंय. कुणी वासरू विकलं, शाळेतल्या पोरांनी डोंगरावरच्या जंशनच्या झाडांची कडू मुळं खणून विकली. माझ्याकडे काय आहे विकायला? आईची सोन्याची साखळी दिली. तुला न विचारता दिली, रागावू नकोस. निम्मी तुझीच होती, तेव्हा तुझंही नाव वर्गणीत घातलंय.

घड्याळ नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी शाळेत बसवायचं. काचेच्या कपाटाचं कुलूप मी उघडायचं असं ठरलंय, कारण घरी तबकड्या भाजणारी आता गावात मी एकटीच. तुम्ही दोघं या. सॉसेज आणि बटाटे करीन. मला जोनासचा पांढरा बघायचाय नोएमी. जन्मभर ऐकलंय, बघितला कधी नाही.

ताई


जिनिव्हा, २१ ऑक्टोबर

प्रिय ताई,

आम्हाला येता येणार नाही, एद्गारला नेमकं तेव्हाच मिलानला जायचंय. आणि मला वाटतं, तूही जाऊ नकोस. तुझी छाती थंडीत भरते, शाळेत एवढी गर्दी, दारं सारखी उघडी. कुलूप काय, अल्सिद उघडेल. घड्याळ नंतर सावकाश बघता येईल की, किंवा नाही बघितलं तरी काय मोठं. जुनं घड्याळ ते जुनं घड्याळ.

आईच्या साखळीचं वाचून वाईट वाटलं. ती देऊ नये अशी होती.

ऐक माझं एवढं. घरी राहा.

नोएमी


ला कोंबेत, ११ नोव्हेंबर

नोएमी,

मी गेले. धाकट्या बहिणीला किती काळजी, असं म्हणत गळ्याला शाल गुंडाळून गेले.

पास्टरांनी प्रार्थना केली, पोरांनी गाणं म्हटलं. मग अल्सिदने माझ्या हातात किल्ली दिली. मी कपाट उघडलं. मखमलीवर घड्याळ होतं, काच उघडी ठेवलेली.

पहाटेच्या धारेच्या दुधाचा रंग. सातापासून मधल्या भोकापर्यंत चीर. चिरेत माझी कॉफी.

मी कपाटाची कड धरून उभी राहिले. पाठीमागे सगळं गाव मान उंच करून बघत होतं. अल्सिद माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघ झेली. असं काम आता कुणाला जमत नाही." आणि सगळ्यांनी टोप्या काढल्या.

ते घड्याळ कबरीतून कसं निघालं, नोएमी? की म्हातारबुवांची मूठ सुटली?

उत्तर लिही. आणि तुला काही माहीत नव्हतं, असं लिहू नकोस.

झेली


जिनिव्हा, १६ नोव्हेंबर

ताई,

तू लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते, मला खरंच काही माहीत नव्हतं. आधी नव्हतं. सगळं एद्गारने केलं. घड्याळ जोनासचंच आहे ताई, ते खोटं नाही. एका विधवेकडून घेतलं तेव्हा तबकडी फुटलेली होती. हरवला असं लिहिलं त्या तुकड्याच्या मागे जोनासची सही होती, तो एद्गारने ठेवून घेतला, तू ओळखशील म्हणून. चीर मागितली ती तबकडी जुनी वाटावी म्हणून. तबकड्या करणाऱ्याच्या घड्याळाला तबकडीच नाही म्हटल्यावर कोण विचारणार? त्याचं दुकान बसत चाललं होतं. मला नंतर कळलं, तोवर होऊन गेलं होतं.

सासरे एप्रिलमध्ये गेले हे खरं. पण ते वर्षभर कुणाला ओळखत नव्हते. त्यांच्याकडे घड्याळ कधीच नव्हतं. पुरलं असं लिहिलं, कारण तू कधीतरी येशील आणि बघायला मागशील अशी भीती वाटली.

आता तू गप्प राहा, मी पाया पडते. तू बोललीस तर एद्गार तुरुंगात जाईल आणि मी रस्त्यावर येईन. आणि बोलून मिळणार काय? गाव खूश आहे. तुझ्याच हातचं काम सगळं खोरं टोप्या काढून बघतंय. जन्मभर स्वयंपाकघरात बसून तबकड्या केल्यास, दुसऱ्याच्या घड्याळात गेल्या, कुणी नाव विचारलं नाही. आता शाळेत काचेत आहे. तुला आणखी काय हवं होतं?

नोएमी


ला कोंबेत, २ डिसेंबर

नोएमी,

मला काय हवं होतं ते विचारलंस, म्हणून सांगते. मला ती तबकडी मातीत हवी होती, त्या म्हाताऱ्याच्या मुठीत. तिथे मी तिला सुखाने सोडली होती.

तू म्हणतेस, तुला नंतर कळलं. एद्गारने घड्याळासोबत जो कागद पाठवला तो पास्टरांनी त्या दिवशी वाचून दाखवला होता. त्यात लिहिलंय की जोनास पेर्नू डावखुरा होता, पाचाच्या शेपट्यावरून ते ओळखता येतं, आणि म्हणून हे काम त्याचंच. सगळं गाव माना डोलवत होतं. जोनास डावखुरा नव्हता, तू पाठवलेल्या तुकड्यांवरचा हात उजवा होता. डावखुरी मी आहे. भिंगाखालचा तो शेपटा बाबांनी दोनच पोरींना दाखवला होता. त्यातली एक मी. मार्चमध्ये मी तुला लिहिलं की माझा हात डोकावलाय, आणि तू जाऊन एद्गारला सांगितलंस, घाबरू नकोस, त्याचंही काहीतरी करता येईल. एद्गारने मला फसवलं याचं मला काही वाटत नाही, तो परका. तू आपल्या बापाचं भिंग त्याच्या हातात दिलंस.

आता इथलं ऐक. मी अल्सिदकडे गेले आणि सांगितलं, ती तबकडी माझी आहे. त्याने मला बसवलं, जंशनच्या दारूचा पेला दिला आणि प्रेमाने म्हणाला, झेली, वय झालं की असं होतं, माझ्या आजोबांनाही वाटायचं की डोंगरातला बोगदा त्यांनीच खणला. पास्टरांनी तर माझ्यासाठी प्रार्थना केली. दुकानात बायका बोलायच्या थांबतात. अख्ख्या गावाला एकवेळ चोरी पटेल, पण मी जोनासइतकं चांगलं काम करू शकते हे पटत नाही. मागे काडी नाही. ती तूच काढू दिली नाहीस.

तुझी पत्रं दाखवली तर एका मिनिटात सगळं मिटेल. मी ती घेऊन अल्सिदच्या दारापर्यंत जाऊन आले. मग परत फिरले. तुला माफ केलं म्हणून नव्हे. माफ केलेलं नाही, आणि होईलसं वाटतही नाही. पण माझ्या तबकडीची साक्ष तुझ्या अक्षरांनी द्यावी, हे मला नको होतं.

येत्या शनिवारी सगळ्यांना माझ्या स्वयंपाकघरात बोलावलंय. अल्सिद यायला तयार नव्हता, तेव्हा म्हटलं, मग दार मोकळं करायलाही येऊ नकोस. येतोय. मिन्याच्या त्या खड्याचा चुरा उरलाय, एका तबकडीपुरता. त्यांच्यासमोर घोटीन, धुवीन, भाजीन, डाव्या हाताने पाच काढीन. मग त्यांच्यासमोर दोन अंगठ्यांत धरून सातापाशी दाबीन, आणि अल्सिद पितो त्याच कॉफीने चीर भरीन. हात थरथरला आणि ती भट्टीतच फुटली तर मी म्हातारी वेडी ठरेन आणि तुझा एद्गार सुटेल. तेवढी संधी त्यालाही आहे. नाही फुटली, तर शाळेतली तबकडी मी काढून घेईन आणि बाबांच्या उंबऱ्यावर ठेवून फोडीन. गावाचं जे आहे ते गावाला परत करायची तयारी ठेवा. आईची साखळी मात्र परत मागू नकोस, ती मी खऱ्या मनाने दिली होती.

नव्या तबकडीमागे काडी काढणार आहे.

तुझी पत्रं या पाकिटात परत पाठवतेय, म्हणजे ती कुणाच्या हाती लागणार नाहीत. जाळ किंवा ठेव. मोजून बघशील तर एक कमी भरेल. चौदा मार्चचं, म्हातारबुवांनी चिरेवर नख फिरवलं आणि ते रडले, हसले आणि माझ्यानंतर कुणाशी नाचले नाहीत, ते. ते मी ठेवून घेतलंय. मला अधूनमधून तुझी आठवण येईल, तेव्हा काढून वाचीन.

झेली